राणीच्या गळ्यातली मोकळी जागा

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे पूर्वी एक लहानसं राज्य होतं. त्या राज्यात अनंतशेट नावाचा एक सोनार राहायचा. त्याच्या भरगच्च कामाचं दूरदूरपर्यंत नाव होतं. एक फूल काढलं की तो फुलाभोवती पान काढायचा, पानाभोवती वेल, वेलीच्या वळणात पक्षी आणि पक्ष्याच्या पंखावर पुन्हा बारीक दाणे. अनंतशेटच्या दागिन्यावर मुंगीला पाय टेकायला जागा मिळायची नाही, असं लोक कौतुकाने म्हणायचे.

अनंतशेटला ते ऐकून बरं वाटायचं. सोन्याच्या पत्र्यावर कुठे कोरी जागा दिसली की त्याला चैन पडायचं नाही. इथे आपला हात कमी पडला, असं वाटून तो पुन्हा छिन्नी उचलायचा. गिऱ्हाइकंही तशीच होती. लग्न असो की बारसं, जो तो म्हणायचा, "शेट, चांगला भरून द्या."

राजवाड्याचं कामही त्याच्याकडेच होतं. दर दसऱ्याला राणीसाहेबांसाठी गळ्यातला नवा दागिना घडवायचा, हा रिवाज पडून गेला होता. दासी मापाचा दोरा घेऊन यायची आणि दरवर्षी तोच निरोप द्यायची. मागच्यापेक्षा रुंद करा. वर हनुवटीपर्यंत जाऊ द्या, खाली गळ्याचा खळगा पूर्ण झाकू द्या. मध्ये कुठे फट ठेवू नका.

अनंतशेट खुशीने करायचा. दागिना रुंद होत गेला, जड होत गेला. ज्या गळ्यासाठी तो एवढं घडवत होता, तो गळा त्याने कधी पाहिला नव्हता. पाहायची गरजही त्याला वाटली नव्हती. दोऱ्यावर माप बरोबर असलं की त्याचं काम संपायचं.

राणीबद्दल त्याला जे सगळ्या गावाला ठाऊक होतं, तेवढंच ठाऊक होतं. ती लग्न होऊन नवी नवी आली, त्या उन्हाळ्यात कोळीवाडा जळाला होता. वारा सुटलेला, बाप्ये होड्या घेऊन समुद्रावर गेलेले आणि झावळ्यांची घरं एकामागून एक पेटत चाललेली. राणीचा मेणा देवदर्शनाहून त्याच वाटेने येत होता. एका जळत्या झोपडीतून पोराचं रडणं ऐकू आलं. भोई थांबले, शिपाई थांबले, पण राणी खाली उतरली आणि आत शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या छातीशी एक लहान मुलगी होती.

लोकांनी त्यावर गाणी केली. बायका दळताना, मासे सुकवताना ती गाणी म्हणायच्या. मात्र राणी स्वतः ती गाणी ऐकायला कधी थांबत नसे. कोणी म्हणू लागलं की ती उठून आत जायची. लोक म्हणायचे, बघा, एवढी मोठी असून किती विनयाने वागते.

वर्षं गेली. राजाने कोळीवाडा नव्याने बांधायला घेतला. जोत्याची घरं झाली, कौलं चढली आणि सगळ्यांच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर लागली. विहिरीच्या पूजेचा दिवस ठरला. राणीने पहिलं पाणी काढायचं आणि कोळीवाड्यातल्या बायकांनी तिची ओटी भरायची, असंही ठरलं. त्या दिवसासाठी राणीला नवा दागिना हवा होता. पण या वेळी दासी दोरा घेऊन आली नाही. अनंतशेटलाच राजवाड्यात यायचा हुकूम झाला.

अनंतशेट गेला तेव्हा राणी खिडकीपाशी बसली होती. गळ्याभोवती मऊ शाल गुंडाळलेली होती. शेजारी राजा उभा होता आणि वैद्य आपली लेपाची वाटी आवरत होता.

"दोऱ्यावर आता माप घेता येत नाही," राजा म्हणाला. "तुम्हीच डोळ्यांनी पाहून घ्या."

राणीने शाल बाजूला केली.

गळा सगळा सोलवटला होता. कातडीवर लाल वळ होते आणि त्या वळांमध्ये त्याला पानं दिसली, वेली दिसल्या, पक्ष्याचा पंख दिसला. ते त्याचंच काम होतं. वर्षानुवर्षं दिवसरात्र गळ्यात राहून, दाबून दाबून राणीच्या अंगावर उमटलं होतं. ज्या वेलीचं गावभर कौतुक झालं होतं, तिच्यातून आता पाणी झिरपत होतं.

त्या जखमांच्या खाली, गळ्याच्या खळग्यापाशी, आणखी एक खूण होती. ती जुनी होती. चंद्रकोरीसारखी वाकलेली, भाजल्याची, पांढुरकी पडलेली. तिच्या दोन्ही टोकांना मण्याएवढे दोन गोल ठिपके होते.

"फार दुखतं का, राणीसाहेब?" अनंतशेटने विचारलं.

"हे वरचं दुखतं," राणी म्हणाली. "ते बरं होईल." मग तिने त्या जुन्या खुणेवर बोट ठेवलं. "हे दुखत नाही. हे झाकायचं आहे."

राणी खिडकीबाहेर पाहत सांगू लागली.

"त्या मुलीच्या गळ्यात चांदीची हसळी होती. लहान पोरांना घालतात ना, तसलं वाकवलेलं कडं. आगीत ते तापलं होतं. मी तिला उचलून छातीशी धरलं तेव्हा ते माझ्या गळ्याला लागलं. मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. मी खाडीच्या पाण्यापर्यंत धावत गेले. पाण्यात बसले आणि तिला पाहिलं, तेव्हा तिचा श्वास थांबला होता."

वैद्याने आवरलेली वाटी पुन्हा खाली ठेवली.

"लोक गाणी म्हणतात," राणी पुढे म्हणाली. "काही गाण्यांत तर ती वाचते. तिची आई, मानकूबाय, त्याच कोळीवाड्यात राहते, शेट. तिच्या कानांवर ती गाणी पडत असतील. मी तिच्यासमोर कधी गेले नाही. आता ओटी भरायला ती येईल. तिने ही खूण पाहिली तर तिच्या डोळ्यांपुढे ते सगळं पुन्हा उभं राहील. म्हणून म्हणते, फट ठेवू नका."

अनंतशेटने हात जोडले आणि तो बाहेर पडला. राजा त्याच्यामागे ओसरीपर्यंत आला.

"ती आरशात ती खूण पाहते आणि मग जेवत नाही," राजा हळू आवाजात म्हणाला. "मला दुसरा उपाय माहीत नाही. जाड करा, जड करा, पण झाकून टाका."

घरी येऊन अनंतशेट कामाला बसला. हाताला सवय होती ते काम हात करत गेले. पत्रा पातळ घेतला, तेवढाच भार कमी होईल म्हणून. कडा गोल केल्या. पण वर वेल आली, पानं आली, पक्षी आले. दागिना पुरा झाला तेव्हा तो नेहमीसारखाच देखणा होता आणि त्यात कुठे फट नव्हती.

तो दागिना फडक्यात बांधायला घेतला आणि अनंतशेटचे हात थांबले. त्याने बायकोला हाक मारली. तिचं नाव सगुणा.

"हा जरा गळ्यात घालून बघ."

सगुणा चकित झाली. "इतकी वर्षं तुम्ही दागिने घडवताय. मला कधी घालून बघ म्हणाला नाहीत."

"आज म्हणतो. घाल आणि तुझी रोजची कामं कर."

सगुणाने दागिना घातला. ती चुलीपाशी गेली, पण फुंकर घालायला वाकता येईना. पाण्याचा हंडा उचलताना मान वळेना. शेजारीण दारात आली, तिच्याशी बोलताना तिला सगळं अंग फिरवावं लागलं. दुपार कलल्यावर ती येऊन नवऱ्यासमोर बसली आणि तिने दागिना उतरवला. तिच्या मानेवर लाल पट्टा उठला होता.

"जड आहे," ती म्हणाली. "आणि आत हवा जात नाही. घामाने आग होते."

"दिसत कसा होता?"

सगुणाने थोडा विचार केला. "शेजारीण माझ्याशी बोलत होती, पण सगळा वेळ सोन्याकडे बघत होती. मी काय बोलले ते तिला सांगता येणार नाही."

अनंतशेट बराच वेळ त्या दागिन्याकडे बघत राहिला. मग त्याने काजळीत काडी बुडवली आणि सोन्यावर खुणा करू लागला. इतके दिवस तो जिथे जागा दिसेल तिथे भर घालत आला होता. आता तो काय काढता येईल ते शोधत होता.

त्याने एक बारीक छिद्र पाडलं, त्यातून तारेएवढी करवत ओवली आणि पहिला पक्षी कापून काढला. मग एक पान. मग वेलीचं एक वळण. कापलेले तुकडे खालच्या वाटीत पडत होते.

हे काम सोपं असेल असं त्याला वाटलं होतं. तसं ते नव्हतं. भर घालताना चूक झाली तर वर आणखी एक पान काढून ती झाकता येते. इथे झाकायला काही नव्हतं. एका ठिकाणी त्याने जास्त कापलं आणि दोन बाजूंना धरून ठेवणारी सोन्याची काडी तुटली. सगळा दागिना हातात सैल झाला. त्याला तो पुन्हा जोडावा लागला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की मोकळी जागा नुसती सोडून चालत नाही. तिच्या कडेला जे उरतं, त्याने तिला सांभाळावं लागतं. काय काढायचं हे ठरवण्याआधी काय उरणार आहे हे नीट पाहावं लागतं.

हळूहळू भार उतरला. जिथे राणीच्या जखमा होत्या, तिथून सोनं दूर गेलं. उरलेल्या बारीक रेषा कातडीला जेमतेम टेकतील अशा झाल्या. मग तो मधल्या भागापाशी आला, जिथे खालची जुनी खूण येणार होती.

तिथे करवत ठेवून तो थांबला.

सगुणा शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिने वर पाहिलं. "तेवढाच भाग झाकायला सांगितलाय ना त्यांनी?"

"हो."

"मग राहू द्या तो. बाकीचं हलकं केलंत, ते पुष्कळ झालं. राजा रागावला तर आपण जायचं कुठे?"

"मीही तोच विचार करतोय," अनंतशेट म्हणाला. "पण बाकी सगळं मोकळं केलं आणि मधोमध तेवढंच गच्च ठेवलं, तर तो भाग ओरडून सांगेल की इथे काहीतरी लपवलंय. आणि सगळं गच्च ठेवलं तर मी तिच्या अंगावर पुन्हा माझी वेल उमटवणार. मी ती पाहून आलोय, सगुणा. माझ्याकडून आता ते होणार नाही."

सगुणाने सूप खाली ठेवलं. "तिला नकोच असेल तर?"

अनंतशेटने करवतीवरचा सोन्याचा कीस पुसला. मग म्हणाला, "तर जोडून देईन. पण तिने नको म्हणायला तरी आधी बघायला हवं."

त्याने मधला तुकडा अखंड कापून काढला. तो मोडला नाही, वितळवला नाही, वेगळा ठेवला. त्या जागी एक मोकळी कोर राहिली. दोन्ही बाजूंनी सोन्याच्या बारीक रेषा तिच्याकडे येत होत्या आणि थोड्या अलीकडे थांबत होत्या. आत त्याने ना खडा बसवला, ना मोती.

पूजेच्या आदल्या दिवशी सकाळी तो राजवाड्यात गेला. फडकं उलगडलं आणि राजाचा चेहरा बदलला.

"अनंतशेट, तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"फट ठेवू नका म्हणून, महाराज."

"मग हे काय आहे?"

"फट आहे, महाराज."

राजाचा आवाज चढला नाही, पण थंड झाला. "उद्या सगळं गाव तिच्याकडे बघणार आहे. नेमकं जे झाकायचं तेच तुम्ही उघडं ठेवलंत. तुम्हाला काय वाटतं, तिचं दुःख म्हणजे तुमची कलाकुसर आहे?"

अनंतशेट पुढे झाला. त्याने फडक्यातून तो वेगळा ठेवलेला तुकडा काढला आणि राणीसमोर धरला. कापून काढलेल्या बाकीच्या सोन्याची पुरचुंडीही खाली ठेवली.

"हा मधला भाग आहे. राणीसाहेबांनी सांगितलं तर इथेच बसून जोडून देतो. कोणाला कळणार नाही. माझं एवढंच मागणं आहे की आधी एकदा हा गळ्यात घालून बघावा."

"काही गरज नाही," राजा म्हणाला.

"घालू तर द्या," राणी म्हणाली.

दासीने दागिना चढवला. राणी आरशासमोर गेली नाही. ती आधी खिडकीकडे वळली. मग तिने मान उजवीकडे केली, डावीकडे केली आणि हळूच खाली वाकवली. हनुवटी छातीला लागली. कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं. ती तशीच, मान वाकवून, थोडा वेळ उभी राहिली.

मग ती आरशासमोर गेली. खूण दिसत होती. ती काही नव्याने लकाकत नव्हती की सुंदर झाली नव्हती. ती होती तशी होती. फक्त तिच्यावर आता कशाचंच ओझं नव्हतं आणि भोवतीचं सोनं तिला वाट करून देऊन बाजूला थांबलं होतं.

"शेट," राणी आरशात बघतच म्हणाली, "मला भेटणारा प्रत्येक जण या गोष्टीवर काहीतरी बोलतो. कोणी म्हणतं, तुम्ही केवढं धाडस केलंत. कोणी म्हणतं, देवाची इच्छा होती. ते ऐकून तुम्ही त्या दिवशी काहीच बोलला नाहीत."

"मला काय बोलावं ते सुचलं नाही, राणीसाहेब," अनंतशेट म्हणाला. "म्हणून जागा ठेवली."

राणीने हात पुढे केला. अनंतशेटने तो कापलेला तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. तिने मूठ मिटली.

"हा माझ्याकडे राहू द्या. उद्या मी दागिना असाच घालीन."

राजा अनंतशेटला दारापर्यंत सोडायला आला. "उद्या तिला त्रास झाला," तो म्हणाला, "तर परवा तुमची भट्टी या राज्यात पेटणार नाही. हे लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात पताका लागल्या. विहिरीच्या काठाला फुलांच्या माळा सोडल्या होत्या. सगळं गाव जमलं. राणी मेण्यातून उतरली आणि बायकांच्या नजरा तिच्या गळ्यावर खिळल्या. कुजबुज सुरू झाली. सोनं कमी पडलं का, कोणी म्हणालं. अनंतशेट म्हातारा झाला वाटतं, दुसरं कोणी म्हणालं. तो काय डाग आहे, असं एका लहान मुलाने मोठ्याने विचारलं आणि त्याच्या आजीने त्याला गप्प केलं.

अनंतशेट गर्दीच्या कडेला उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. आपण चुकलो, असं त्याला वाटू लागलं. तो तुकडा वेळीच जोडून टाकायला हवा होता, असंही वाटलं.

राणीने वाकून पहिला पोहरा विहिरीत सोडला, ओढून घेतला आणि पाणी काठावर ओतलं. मग ती चौरंगावर बसली आणि बायका ओटी भरायला पुढे येऊ लागल्या. एक यायची, हळदकुंकू लावायची, ओटीत तांदूळ आणि नारळ घालायची आणि खाली बघत बाजूला व्हायची. त्या खुणेकडे थेट बघायला प्रत्येकीला संकोच वाटत होता.

सगळ्यांत मागे मानकूबाय उभी होती. जी मुलगी आगीत गेली, तिची ती आई. ती यायला तयार नव्हती. शेजारणींनी 'मानकूबाय, चल' म्हणत ओढून पुढे आणली होती. तिची पाळी आली तेव्हा तिने कुंकवाचं बोट राणीच्या कपाळाला लावलं, हात खाली घेतला आणि तो हात अधांतरी राहिला.

ती त्या खुणेकडे बघत होती. त्या वाकलेल्या कोरीकडे. टोकांच्या दोन गोल ठिपक्यांकडे.

"ह्ये काय हाय?" तिने विचारलं. आवाज इतका बारीक होता की फक्त राणीला ऐकू गेला.

राणीने डोळे मिटले. "त्या दिवसाचं आहे," ती म्हणाली. "मला उशीर झाला, मानकूबाय. मी पाण्यापर्यंत पोचले, पण मला उशीर झाला."

मानकूबायने बोट पुढे केलं आणि खुणेच्या एका टोकावरच्या ठिपक्यावर ठेवलं. मग कोरीवरून फिरवत दुसऱ्या टोकाला नेलं. सोनं मध्ये कुठेच आलं नाही.

"ही खूण माज्या येसूच्या हसळीची हाय," ती म्हणाली. "बाजारात नवी घेतली व्हती. दोन टोकांना दोन मणी. येसूच्या संगट ती बी मातीत गेली. माज्याकडं तिचं काय बी ऱ्हायलं नाय. घरच जळलं, तर ऱ्हाणार काय."

"येसू," राणी म्हणाली. इतक्या वर्षांत तिला त्या मुलीचं नाव कोणी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारायचं धाडस केलं नव्हतं.

मानकूबायचं बोट अजून तिथेच होतं. "एवढं उमटलंय," ती म्हणाली. "म्हंजे तू तिला लई घट धरलं व्हतंस."

राणीने मान हलवली.

"ह्ये मला कोणी सांगितलंच नाय. मी तवा बाजाराला गेले व्हते. त्या गाण्यांत नुसती तूच असतीस. रात्रंदिवस माज्या मनात येक येतं की माजी पोर आगीत येकटीच व्हती. भिऊन रडली आसंल, आई म्हनून हाका मारल्या आसतील आणि जवळ कोणी नव्हतं." मानकूबायने हात खाली घेतला आणि तो राणीच्या हातावर ठेवला. "ती येकटी नव्हती."

"नाही," राणी म्हणाली. "माझ्या गळ्याला तिने मिठी मारली होती. अगदी शेवटपर्यंत."

मग दोघी रडल्या. मोठ्याने नाही. एक चौरंगावर बसून, दुसरी तिच्यासमोर जमिनीवर बसून. ओटीतले तांदूळ सांडले, ते कोणी गोळा केले नाहीत. राजा पुढे यायला निघाला होता, पण तो थांबला. भोई मेणा घेऊन तयार होते, त्यांना त्याने हाताने खूण करून मेणा खाली ठेवायला सांगितलं. गाणं म्हणायला आलेल्या बायकांनी त्या दिवशी गाणं म्हटलं नाही.

उन्हं उतरेपर्यंत राणी तिथेच होती. मानकूबायने तिला येसूबद्दल सांगितलं. ती खेकड्याला भ्यायची, पण ते पकडायला सगळ्यांत पुढे जायची. तिला भाताबरोबर नुसतं कैरीचं पाणी आवडायचं. तिला बोबडं बोललेलं खपायचं नाही, आणि ती स्वतः मात्र सगळं बोबडं बोलायची. हे ऐकताना राणी एकदा हसलीसुद्धा. त्या मुलीला तिने फक्त मरताना पाहिलं होतं. ती जगत कशी होती, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी राजाने अनंतशेटला बोलावलं. अनंतशेट भीतभीतच गेला. राजा ओसरीवर येरझारा घालत होता. शेवटी म्हणाला, "ती आज न सांगता जेवली." एवढं बोलून तो आत गेला. अनंतशेटला तेवढं पुरे होतं.

पुढे राणी वरचेवर कोळीवाड्यात जाऊ लागली. कधी मानकूबायच राजवाड्यात यायची, टोपलीत मासळी घेऊन. दोघी फार बोलायच्या असंही नाही. पण एकमेकींना टाळायचं कारण उरलं नव्हतं. राणीच्या गळ्यावरच्या जखमा यथावकाश भरल्या आणि त्यांच्या खुणाही गेल्या. कोर तेवढी राहिली.

गावातल्या बायकांमध्ये मात्र मोकळ्या दागिन्याची टूम निघाली. ज्या भरून द्या म्हणायच्या, त्याच आता म्हणू लागल्या, "शेट, राणीसाहेबांसारखी मध्ये जागा ठेवून द्या." अनंतशेट त्यांना म्हणायचा, "राणीसाहेबांची जागा राणीसाहेबांची आहे, बाई. तुम्ही या, बसा. तुमचा गळा बघतो, हात बघतो, तुम्ही दिवसभर काय काम करता ते सांगा. मग कुठे सोनं ठेवायचं आणि कुठे ठेवायचं नाही, ते ठरवू." काही जणी कंटाळून दुसऱ्या सोनाराकडे जायच्या. काही बसायच्या, बोलायच्या. त्यांचे दागिने त्याने त्या बोलण्यातून घडवले आणि त्यातले कोणतेही दोन दागिने सारखे झाले नाहीत.

तात्पर्य: दुसऱ्याचं दुःख शब्दांनी, सोन्याने किंवा कौतुकाने भरून काढायची घाई करू नये. जपून ठेवलेल्या मोकळ्या जागेतच एका माणसाला दुसरं माणूस दिसतं.